टूरचा कोरा फॉर्म

सांगलीच्या विश्रामबागेतल्या टूर कंपनीच्या ऑफिसात आम्ही पहिल्यांदा गेलो, तेव्हा हे खुर्चीवर बसलेच नाहीत. हे म्हणजे माझे यजमान, सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. हात मागे बांधून ते भिंतीवरच्या जगाच्या नकाशासमोर उभे राहिले. काउंटरवरची मुलगी मला व्हिएतनामच्या सहलीचं माहितीपत्रक उलगडून दाखवत होती. सकाळी नाश्ता, आठ वाजता बस, दुपारी भारतीय जेवण, संध्याकाळी परत हॉटेल. चाळीस जणांचा ग्रुप, बरोबर मराठी बोलणारा टूर लीडर. त्याच्या हातात उंच काठीला लावलेला पिवळा झेंडा, म्हणजे गर्दीत कुणी चुकायला नको.

"चुकतंय कोण?" नकाशावरची नजर न काढता हे म्हणाले.

मुलगी हसली. मीही हसले, पण ते हसू मला ओढून आणावं लागलं. वर्षभरापूर्वी अशी वेळ आली नसती.

ह्यांचं गाव सातारा जिल्ह्यात, कऱ्हाडच्या पुढं. घरचा ऊस आहे, तो धाकटे दीर बघतात. त्या गावात दोन घरं सोडली की तिसऱ्या घरातला एक तरी माणूस फौजेत असतो. हे अठराव्या वर्षी भरती झाले आणि शेवटची काही वर्षं नव्या पोरांना नकाशावाचन शिकवत होते. रात्री जंगलात सोडलं तरी होकायंत्र आणि नकाशावर तळावर परत कसं यायचं, ते. मी सांगलीची. इथल्याच हायस्कुलात मराठी शिकवून मीही निवृत्त झाले. लेक पुण्यात नोकरी करते. तिचंच म्हणणं होतं की दोघांनी एकदा तरी परदेश बघून या.

व्हिएतनाम हे ह्यांनी निवडलं. तिथल्या लढाईवर त्यांना कधीकाळी फौजेत व्याख्यानं ऐकवली होती, तो मुलूख डोळ्यांनी बघायचा होता. माझी त्याला हरकत नव्हती. वाद होता तो कसं जायचं यावर.

"तीस वर्सं लायनीत चाललो," ऑफिसातून घरी येताना स्कूटरवर पुढं बसून हे मोठ्यानं सांगत होते. "कुणी सांगितलं ऊठ की उठायचं, कुणी सांगितलं बस की बसायचं. आता कुणाच्या झेंड्यामागं मी जाणार न्हाई. आपलं आपण जायचं. गाडीचं तिकीट काढायचं, नकाशा घ्यायचा, वाटंल तितं उतरायचं."

"आपल्याला तिथली भाषा येत नाही," मी मागून म्हटलं.

"नकाशाला भाषा लागत न्हाई."

हे वाक्य ते पोरांना शिकवताना म्हणत असणार. टूरच हवी असं मला का वाटत होतं, ते मी त्यांना सांगू शकत नव्हते. खरं तर ते मी स्वतःशीसुद्धा धड बोलत नव्हते.

त्याच्या महिनाभर आधी एकदा आम्ही गावाहून सांगलीला परत येत होतो. थंडीचे दिवस होते, ऊसतोड जोरात होती. हे गाडी चालवत होते. कऱ्हाडकडून येताना पेठ नाक्याला डावीकडे वळलं की इस्लामपूर, आष्टा आणि मग सांगली. हा रस्ता त्यांनी किती वेळा केला असेल त्याला गणती नाही. त्या दिवशी गाडी नाक्यावरून सरळ गेली. मला वाटलं, पुढं कुठं पेट्रोल भरायचं असेल. बरंच अंतर गेल्यावर किणीचा टोलनाका दिसला, तेव्हा मी विचारलं, "अहो, कोल्हापूरला निघालोय का आपण?"

ह्यांनी गाडी कडेला घेतली. दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच ठेवून समोर बघत राहिले. उसानं भरलेल्या ट्रॉल्या शेजारून धडधडत जात होत्या.

"आपण कुटनं आलो?" त्यांनी विचारलं.

मी बोलणार तोच ते हसले. "चेष्टा केली गं. लक्ष न्हवतं."

गाडी वळवून आम्ही परत आलो. पण टोलनाक्याजवळ त्यांच्या कपाळावर घाम डवरलेला मी पाहिला होता, आणि काचेबाहेर थंडीचा वारा होता.

टूरच्या ऑफिसात जाऊन आल्यावर पुढच्याच आठवड्यात आम्ही पुन्हा गावी गेलो. निघताना हे गाडीत जाऊन बसले आणि धाकट्या दिरांनी मला गोठ्याच्या बाजूला थांबवलं. माझ्याहून दोन-चार वर्षांनीच लहान, पण कायम मान खाली घालून बोलणारा माणूस. त्या दिवशी मात्र त्यांनी माझ्याकडं सरळ पाहिलं.

"वैनी, राग मानू नका. पर तुमी टूरनंच जावा."

"का हो?"

"काल दादास्नी घिऊन मळ्यात गेलतो. आमचा बांध कंचा, त्येनी मलाच इचारलं. म्या दावला. जरा पुढं गेलो आन् परत त्योच प्रश्न. लहानपनी हितंच उड्या मारल्यात वो आमी." त्यांनी गाडीकडं एकदा नजर टाकली. "लय गप असत्यात हाल्ली. पयलं असं न्हवतं."

"वय झालं आता," मी म्हटलं.

"व्हय, वय झालं," ते म्हणाले, पण त्यांचा चेहरा तसं म्हणत नव्हता. गाडीतून ह्यांनी हॉर्न वाजवला आणि आम्ही दोघंही दचकलो.

सांगलीत परतल्यावर ह्यांनी प्रवासाची तयारी सुरू केली. एक लांब वही आणली. रोज जेवण झालं की टेबलाशी बसून ते पुण्याला लेकीला फोन लावायचे, गाड्यांच्या वेळा विचारून घ्यायचे आणि वहीत उतरवायचे. त्यांचं अक्षर छापल्यासारखं. त्या बैठकीत ते इतके रमलेले दिसत की मला माझी भीती खोटी वाटू लागली. एके दुपारी ते आडवे झालेले असताना मी ती वही उघडली.

पहिल्या पानावर वर लिहिलं होतं, 'दिवस पहिला.' खाली मुंबईहून विमान किती वाजता, हनोईला उतरल्यावर गाडी कुठून घ्यायची, हॉटेल, मग तळ्याकाठी फेरी. स्टेशन, रस्ते, अंतरं, सगळं नेटकं. मी पान उलटलं. 'दिवस पहिला.' तेच विमान, तीच गाडी, तेच तळं. पुढचं पान. 'दिवस पहिला.' अशी सात पानं होती. खाडाखोड कुठंच नाही. प्रत्येक पान अशा हातानं लिहिलं होतं की जणू ते पहिल्यांदाच लिहिलं जातंय. दुसरा दिवस वहीत नव्हता.

मी वही जशी होती तशी ठेवली. पलंगावर ह्यांचा श्वास संथ चालला होता. मी दारात उभी राहून किती वेळ बघत होते कुणास ठाऊक.

दुसऱ्या दिवशी भाजीला म्हणून बाहेर पडले आणि एकटीच टूरच्या ऑफिसात गेले. मनाशी ठरवलं होतं की आज पैसे भरूनच यायचं, घरी काय तो तमाशा होऊ दे. मुलीनं मला ओळखलं, चहा मागवला आणि दोन फॉर्म पुढं केले. मी माझा भरला. मग ह्यांचा घेतला. पहिला कागद सरळ होता, नाव, पत्ता, पासपोर्ट. दुसऱ्या कागदावर आरोग्याची माहिती होती. रक्तदाब, साखर, हृदयविकार, झालेली ऑपरेशनं. मी एकेक खूण करत खाली आले. शेवटून दुसऱ्या ओळीत विचारलं होतं, 'विस्मरण, दिशाभ्रम अथवा तत्सम त्रास, आहे किंवा नाही.' त्याखाली प्रवाशाची सही आणि जवळच्या नातेवाइकाची सही.

मी पेन टेकवलं आणि उचललं.

"यात 'आहे' लिहिलं तर काय होतं?" मी विचारलं.

"तर डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागतं, मॅडम. ते आमच्या मुख्य ऑफिसला पाठवावं लागतं. मग ते ठरवतात." तिनं मान वर केली. "सरांना काही त्रास आहे का?"

"नाही, नाही. सहज विचारलं."

फक्त 'नाही'वर खूण करायची होती. अशी खूण बरीच माणसं करत असतील. मला ती जमली नाही. 'आहे'वर करणंही जमलं नाही. घरी भरून आणते असं सांगून मी फॉर्म पिशवीत घातला आणि भाजी न घेताच परत आले. फॉर्म कपाटात, साड्यांच्या घडीखाली गेला.

त्या दिवशी जेवताना मी ह्यांना म्हटलं, "तुमचंच खरं. आपलं आपण जाऊ."

मला वाटलं होतं ते खूश होतील, काहीतरी चिडवतील. ते माझ्याकडं बराच वेळ बघत राहिले. भाकरीचा तुकडा हातातच होता.

"नक्की?" त्यांनी विचारलं.

"नक्की."

"बरं," म्हणाले आणि पुढं जेवू लागले. लेकीला मी फोनवर सांगितलं की बाबा ऐकत नाहीत. तिनं तिकिटं काढली, व्हिसा केला, हॉटेलं ठरवली आणि सगळं माझ्या फोनवर पाठवलं. वहीतल्या सात पानांबद्दल मी तिला काही बोलले नाही.

हनोईत पहिले दोन दिवस फार चांगले गेले. इतके चांगले की मी स्वतःला दोष देऊ लागले. जुन्या शहरात दुचाक्यांचा लोंढा अखंड वाहत असतो आणि सिग्नल असून नसल्यासारखे. मी फुटपाथवर खिळून उभी राहायचे. हे माझा दंड धरायचे, "थांबू नगंस, पळूबी नगंस," म्हणायचे आणि एका चालीनं त्या लोंढ्यातून मला पलीकडे न्यायचे. गाड्या आमच्या दोन्ही अंगांनी निघून जायच्या. गल्ल्यागल्ल्यांतून फिरून ते मला न चुकता हॉटेलच्या दारात आणून सोडत. बुटक्या स्टुलांवर बसून आम्ही घट्ट कॉफी प्यायलो. एका जुन्या सैनिकाशी ह्यांनी खुणांनी गप्पा मारल्या, दोघांनी एकमेकांना सलाम केला. मी मनात म्हटलं, बघ, उगाच घाबरलीस.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आंघोळ करून हे बाहेर आले आणि टॉवेलला हात पुसताना मला त्यांचा डावा तळवा दिसला. निळ्या पेनानं त्यावर आकडा लिहिला होता, चारशे दोन. आमच्या खोलीचा नंबर. पाण्यानं फिका झाला होता आणि त्यावर पुन्हा गिरवलेला होता.

"हे काय?"

त्यांनी मूठ मिटली. "सवय. फौजेतली."

फौजेतली अशी कुठली सवय मी इतक्या वर्षांत पाहिली नव्हती. पण मी पुढं विचारलं नाही. विचारलं असतं तर तिसऱ्या दिवशीची आगगाडी आम्ही कदाचित धरली नसती.

तिसऱ्या दिवशी पहाटे उठून आम्ही निन्ह बिन्हला जायची गाडी पकडली. हनोईच्या दक्षिणेला दोन-सव्वादोन तासांवरचं गाव. भातखाचरांमधून सरळ वर आलेले दगडी डोंगर, आणि त्यांच्यामधून नदीवर नावेनं फिरायचं. गाडीत जागा खिडकीशी मिळाली होती. ह्यांनी जाकीट काढून खुंटीला अडकवलं. फोन त्या जाकिटाच्या खिशात. दोघांचे पासपोर्ट माझ्या कमरेच्या पाऊचमध्ये. डबा गार होता, उठणं लवकर झालं होतं. मी डोळे मिटले. हे खिडकीबाहेर बघत होते. मी डोळे मिटले तेव्हा ते बाहेर बघत होते, हे मला आजही स्वच्छ दिसतं.

जाग आली तेव्हा गाडी वेगात होती आणि शेजारची जागा रिकामी होती.

आधी वाटलं, संडासला गेले असतील. जाकीट खुंटीवर हलत होतं. मी पाच मिनिटं वाट पाहिली. मग उठून डब्याच्या टोकाला गेले. संडासाचं दार उघडं होतं, आत कुणी नव्हतं. दुसऱ्या टोकाला गेले, तिथंही नाही. पुढच्या डब्यात गेले, मागच्या डब्यात गेले. माणसं झोपलेली, खाणारी, फोन बघणारी. मी "अहो, अहो" अशी हाक मारत चालले होते. त्या अख्ख्या मुलखात त्या हाकेचा अर्थ कळणारा एकच माणूस होता आणि तो गाडीत नव्हता.

आमच्या समोरच्या बाकावर एक बाई होती. तिनं माझा हात धरला, ह्यांच्या जागेकडं बोट केलं आणि मग दोन बोटं चालत दाराकडं गेल्याची खूण केली. मग हातानं कप तोंडाला लावल्यासारखं केलं. चहा. हे चहाला उतरले होते. मिरजेच्या स्टेशनात गाडी थांबली की उतरतात, तसे. कुठल्या स्टेशनात उतरले, हे मी तिला कसं विचारणार? मध्ये दोन थांबे होते. मी दोन बोटं दाखवून पहिलं का दुसरं असं विचारत होते, तिला वाटत होतं मी दोन माणसं म्हणते आहे. ती मान हलवत राहिली.

गाडी एकसारखी पुढं जात होती. प्रत्येक क्षणाला आमच्यातलं अंतर वाढतंय, हे मला चाकांच्या आवाजात ऐकू येत होतं. त्यांच्याकडं कागद नाही, फोन नाही, भाषा नाही. आणि आपण कोण, कुठं आलोय, हे तरी या घटकेला त्यांना आठवत असेल का? हा प्रश्न मी तेव्हा पहिल्यांदा सरळ शब्दांत मनाशी विचारला.

निन्ह बिन्हला दोन पिशव्या आणि जाकीट घेऊन मी उतरले. स्टेशनातल्या गणवेशातल्या एका बाईसमोर फोन धरला आणि भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये मराठीत बोलले, "माझा नवरा वाटेत गाडीतून उतरला. त्याची स्मरणशक्ती चांगली नाही."

इतके महिने जे घरात कुणाला सांगता आलं नाही, ते मी त्या अनोळखी बाईला यंत्रामार्फत सांगून टाकलं. फोननं ते तिच्या भाषेत वाचून दाखवलं. तिच्या चेहऱ्यावरची घाई गेली. तिनं मला खुर्चीवर बसवलं आणि ती फोन फिरवायला लागली. एका ठिकाणी बोलली, मान हलवली. दुसऱ्या ठिकाणी बोलली, आणि ऐकत राहिली. थोड्या वेळानं तिच्या फोनवर एक फोटो आला. तिनं तो माझ्यापुढं धरला.

हे एका बाकावर ताठ बसले होते, कवायतीला बसल्यासारखे. शेजारी कुणीतरी चहाचा कप ठेवला होता. त्यांनी डावा हात उंच करून तळवा कॅमेऱ्याकडं केला होता. तळव्यावर चारशे दोन. कुठं राहता, कुठं जायचंय, असं त्यांना विचारलं असणार आणि त्यांनी हे उत्तर दिलं होतं.

त्या बाईनं मला एक मोटार करून दिली. अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता होता. दोन्ही बाजूंना हिरवीगार खाचरं, मध्येच पांढऱ्या कबरी, आणि वर पावसाळी, दबलेलं आभाळ. मी जाकीट मांडीवर घेऊन बसले होते. सापडले, आता सापडले, असं मी मनाला सांगत होते, पण मन ते धरत नव्हतं.

ते स्टेशन लहानसं होतं. हे त्याच बाकावर होते. मी जवळ गेले तशी ते उठून उभे राहिले, शर्ट खाली ओढून नीट केला आणि अदबीनं म्हणाले, "मॅडम, मिरज की गाडी लेट है क्या?"

माझ्याशी ते जन्मात कधी हिंदीत बोलले नव्हते.

"अहो, मी आहे," मी म्हटलं.

त्यांनी मान थोडी तिरकी करून माझ्याकडं पाहिलं. परक्या बाईकडं सभ्य माणूस बघतो तसं, जरा अंतर ठेवून. किती वेळ ते मला सांगता येत नाही. मग मी जाकीट पुढं केलं. त्यांनी ते हातात घेतलं, खिसा चाचपला, फोन काढला. फोनवर लेकीचा फोटो होता. त्यांचा चेहरा हळूहळू बदलला, आणि त्यावर पहिलं काय आलं असेल तर राग.

"कुटं गेलतीस?" ते ओरडले. फलाटावरची माणसं वळून बघायला लागली. "मला हितं सोडून कुटं गेलतीस तू?"

"चुकलं माझं," मी म्हटलं. "मला झोप लागली."

मग ते परत बाकावर बसले.

आमचं हॉटेल निन्ह बिन्हलाच ठरलेलं होतं, म्हणून त्याच मोटारीनं आम्ही तिकडं गेलो. माझा फोन गेल्यावर परतीचं विमान लेकीनं अलीकडं ओढून घेतलं, तरी मध्ये दोन दिवस होते. दुसऱ्या दिवशी सकाळी हे अगदी ठीक होते. नावेत बसायचं का, असं त्यांनीच विचारलं. मला खोलीत बसून राहण्याची जास्त भीती वाटत होती, म्हणून गेलो. एक बाई पायानं वल्ही मारत नाव नेत होती. डोंगराच्या पोटातून नदी जाते, तिथं छत इतकं खाली येतं की मान वाकवावी लागते. आत शिरलं की अंधार आणि पाण्याचा थेंबथेंब आवाज. ह्यांनी माझं मनगट पकडलं. पलीकडे उजेड दिसला तरी सोडलं नाही. बाहेर आल्यावर पाहिलं, मनगटावर त्यांच्या बोटांचे वळ उठले होते.

परत आल्यावर मिरजेच्या एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी घड्याळ काढायला सांगितलं, आकडे उलटे म्हणायला लावले, मेंदूचे फोटो काढले. मग मृदूपणे सांगितलं की सुरुवात आहे, औषधानं वेग थोडा कमी होईल, पण मागं फिरणार नाही. सगळं ऐकून घेताना हे सावधानमध्ये बसले होते. "ठीक आहे," म्हणाले आणि उठले.

रिक्षा मिरजेहून सांगलीच्या रस्त्याला लागली तेव्हा त्यांनी विचारलं, "तुला कवापासनं ठाऊक हुतं?"

खोटं बोलायची वेळ निघून गेली होती. "पेठ नाक्यावरून सरळ गेलो, त्या दिवसापासनं."

"मला त्याच्या आदीपासनं."

मी त्यांच्याकडं वळले. ते समोर रस्त्याकडंच बघत होते.

"माधवनगरला गेलतो, दोस्ताकडं. पलटणीतला दोस्त. त्याच्या दारात हुबा ऱ्हायलो आन् त्याचं नाव आठवंना. बेल वाजवली असती तर काय म्हनून हाक मारली असती? तसाच परत आलो. तुला सांगितलं, त्यो घरात न्हवता."

"मग टूरला नको का म्हणालात? तिथं चार माणसं असती बघायला."

"चार न्हाई, चाळीस. समदी आपल्या सांगली-मिरजेची. रोज बसमधी, रोज जेवायला. म्हागारी आल्यावर गावभर झालं असतं, सुभेदाराचं डोकं गेलंय म्हनून. तितं मला कोन वळखत हुतं?" मग आवाज खाली आला. "वाटलं, एकदा आपलं आपण फिरून घ्यावं. जमतंय तवर. आन् तू हुतीस की संगं."

मी होते, पण झोपले होते. हे मी मोठ्यानं म्हटलं नाही. त्याऐवजी मी त्यांना फॉर्मबद्दल सांगितलं. दुसऱ्या कागदावरची ती ओळ, माझं पेन, साड्यांखाली ठेवलेला कागद. त्यांचं ऐकून मी माघार घेतली असं त्यांना वाटत असेल, तर तसं नव्हतं. मला ती खूण करायची नव्हती, म्हणून मी त्यांना परक्या मुलखात घेऊन गेले.

रिक्षा विश्रामबागेपर्यंत आली.

"बरं केलंस," ते म्हणाले.

मी खरंच बरं केलं का, हे मला आजही ठरवता येत नाही. ओळखीचे लोक विचारतात, टूरनं जावं की आपलं आपण? तुम्ही जाऊन आलात, सांगा. मी त्यांना हॉटेलांची नावं देते, कॉफीचं सांगते, नावेचं सांगते. आणि सांगते की ज्याच्या बरोबर जाणार आहात त्याच्याशी आधी खरं बोलून घ्या. त्यांना वाटतं, मी खर्चाबद्दल बोलते आहे.

लेकीला आता सगळं माहीत आहे. गावाकडं दिरांनाही सांगितलं. ते दर पंधरवड्याला येऊन दिवसभर भावापाशी बसतात. औषध चालू आहे. रोज सकाळी उन्हं चढायच्या आत आम्ही दोघं फिरायला बाहेर पडतो. कॉलेजच्या भिंतीपर्यंत आणि परत, बस्स. कोपऱ्यावर आलो की हे मला विचारतात, "उजवीकडं का डावीकडं?" मी सांगते. ते विचारतात तोवर मला धीर असतो.

परवा कोपऱ्यावर त्यांनी विचारलं नाही. नुसते थांबले आणि माझ्याकडं न बघता हात पुढं केला. मी तो धरला. रस्त्यावर शाळेच्या रिक्षा सुरू झाल्या होत्या. मी डावीकडं वळले आणि ते माझ्याबरोबर वळले.